पांगोली लवकर आटते का?

गोंदिया जिल्ह्यातील पांगोली ही लहानशी नदी धानाच्या शेतांमधून वाहत बाघ नदीला मिळते, आणि बाघ वैनगंगेला. अशा नद्यांविषयी वडीलधारी माणसे हमखास म्हणतात, "पूर्वी हिला उन्हाळ्यापर्यंत धार असे." हे खरे, की आठवणीचा गोडवा? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर मोजूनच मिळेल.

पात्राचा सरळ भाग निवडा. समजा, तेथे रुंदी ४ मीटर व सरासरी खोली पाव मीटर आहे. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर. संत्रे सोडा (ते बरेचसे बुडून तरंगते, वाऱ्याने फारसे ढकलले जात नाही). १० मीटर जायला २५ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी संथ असते, म्हणून ०.८५ ने गुणा. विसर्ग आला सेकंदाला ०.३४ घनमीटर, म्हणजे ३४० लिटर.

पावसाळा सरल्यावर नदीत दिसणारे पाणी जमिनीतून आलेले असते. बांध्यांत आणि तलाव-बोड्यांत मुरलेले पाणी हळूहळू पाझरते. साठा जितका मोठा तितका पाझर जास्त. म्हणून दररोज साठ्याचा ठरावीक अंश कमी होतो. किरणोत्सारी पदार्थांचा नियम हाच! फ्रान्समधील एदमाँ माये याने १९०५ साली तो झऱ्यांना लावला.

आता गंमत पाहा. १५ ऑक्टोबरला ३४० लिटर असलेला विसर्ग दर २० दिवसांनी निम्मा होत असेल, तर १४ डिसेंबरला सुमारे ४२ लिटर उरतील. तो १२ दिवसांनी निम्मा होऊ लागला, तर त्याच दिवशी जेमतेम ११! पाऊस तेवढाच, पूरही तेवढाच, पण नदी चाळीस दिवस आधी त्या पातळीला येते. वर्षाच्या एकूण पाण्याचा आकडा पाहणाऱ्याला हा बदल जवळजवळ दिसतच नाही.

असे का व्हावे? विहिरींवर पंप बसले की साठ्याला दुसरी वाट फुटते. उन्हाळी धानाला तर पाणी फार लागते. दुसरे कारण तलावांचे. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले आणि अनेक गाळाने भरले. उथळ तलावात साठते कमी, मुरतेही कमी. यांपैकी कोणते कारण किती, हे नदीनुसार बदलेल.

एका दुष्काळी वर्षावरून मात्र निकाल देऊ नये. सारख्या पावसाची वर्षे शेजारी ठेवून तुलना करावी, आणि त्यासाठी वीस-तीस वर्षांच्या नोंदी हव्यात. मोठ्या नद्यांवर केंद्रीय जल आयोग मोजणी करतो. लहान नद्यांवर अशी सोय क्वचितच असते. शाळेने एक वही घालून दर रविवारी तारीख, खोली व संत्र्याला लागलेला वेळ लिहावा. वरच्या बाजूला कालवा सुटला असेल तर तेही लिहावे. गाढवी नदीवरील इटियाडोहसारख्या धरणाचे पाणी शेतांतून पुन्हा ओढ्यात उतरते, आणि एप्रिलमध्ये ओढा वाहताना पाहून नदी सुधारली असे वाटू शकते.