घासून वाजणारा ढोल : सांबातील कुईका

ब्राझीलच्या सांबा संगीताची ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकणाऱ्या श्रोत्याचा कान बहुधा एका जागी अडखळतो. ढोलांचा गजर, खंजिरीची खणखण, लोखंडी घंटांचा टणत्कार हे सारे त्याला ओळखीचे वाटते. पण या कल्लोळातून मध्येच कोणी हुंदका द्यावा, लगेच खिदळावे आणि पुन्हा कण्हावे, असा एक विलक्षण आवाज वर येतो. कोणाला तो माकडाचा चीत्कार वाटतो, कोणाला एखाद्या गायकाने केलेली नक्कल. अमेरिकन गायक पॉल सायमन यांच्या १९७२ सालच्या ‘मी अँड हूलिओ डाउन बाय द स्कूलयार्ड’ या गीतात ब्राझीलचे तालवादक आयर्तू मोरेरा यांनी हाच आवाज काढला आहे. तो ऐकूनही पुष्कळांना मनुष्याच्या कंठाचा भास होतो. हा आवाज ढोलाचा असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः तो ढोलाचाच आहे. त्या ढोलाचे नाव कुईका.

नुसत्या कानाने हे वाद्य ओळखायचे तर प्रथम इतर वाद्ये बाजूला सारावी लागतात. सांबाच्या तालाचा पाया सुर्दू नावाचा मोठा ढोल धरतो. त्याचा घुमारा खोल असतो आणि ठोका स्पष्ट कळतो. तांबोरिं हे तळहाताएवढे चर्मवाद्य छडीने कडकडत वाजते. पांदेइरु म्हणजे आपल्या खंजिरीचा सख्खा भाऊ. अगोगोला दोन घंटा असतात, म्हणून स्वरही ठळक असे दोनच. घोटाळा होण्याचा संभव असतो तो रेकु-रेकु या वाद्याशी, कारण तेही घासूनच वाजवतात. परंतु त्याची खरखर कोरडी असते आणि तिला चढउतार नसतो. कुईकाचा आवाज मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. त्याच्या आरंभी आघात ऐकू येत नाही, आणि गायकाप्रमाणे श्वास घेण्यासाठी तो थांबतही नाही. तरीही तो तालाच्या चौकटीबाहेर कधी पडत नाही. घसरता स्वर आणि काटेकोर लय यांची ही जोड एकदा कानात बसली की ओळख चुकत नाही.

या आवाजाचे रहस्य वाद्याच्या पोटात आहे. बाहेरून पाहता कुईका साध्या एकमुखी ढोलासारखी दिसते. खोड पूर्वी लाकडी असे, आता बहुधा धातूचे असते. एका तोंडावर चामडे ताणून बसवलेले, दुसरे तोंड उघडे. चामड्याच्या मध्यभागी आतल्या बाजूने बांबूची एक बारीक काडी पक्की बसवलेली असते. ती खोडाच्या पोकळीत उभी राहते आणि बाहेरून मुळीच दिसत नाही. वादक वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून काखेशी आडवे धरतो, उघड्या तोंडातून एक हात आत घालतो आणि ओल्या फडक्याच्या चिमटीत काडी धरून ती मागेपुढे चोळतो. दुसऱ्या हाताचे बोट बाहेरून चामड्यावर, काडीच्या जोडाजवळ, दाबले जाते. दाब वाढला की चामडे ताणले जाऊन स्वर चढतो, दाब सैल झाला की उतरतो. डग्ग्यावर तळहाताचा दाब देऊन तबलजी जो घसरता स्वर काढतो, त्यामागील तत्त्व हेच. फरक इतकाच की येथे ठोका नाही. चामड्याला कोणी मारीतच नाही.

मग चामडे कंप पावते कसे? ओले फडके काडीला क्षणभर चिकटते आणि तिला आपल्याबरोबर ओढते. काडीबरोबर चामडेही ओढले जाते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की पकड सुटते, चामडे झटक्याने मागे येते आणि फडके पुन्हा चिकटते. ही चिकटण्या-सुटण्याची क्रिया एका सेकंदात शेकडो वेळा घडते व तिचाच अखंड स्वर होतो. सारंगीचा गज तारेवर नेमके हेच करतो. गजाला जशी राळ, तसे कुईकाच्या फडक्याला पाणी. फडके सुकले की वाद्य मुके होते.

भारतीय वाचकाला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. नंदीबैलवाल्याच्या ढोलाचा ‘गुबुगुबु’ आवाज काठी चामड्यावर घासूनच निघतो, आणि तमिळनाडूतील उरुमी या ढोलाचे एक तोंडही वाकड्या काठीने घासले जाते. चौंडक्यात चामड्यातून निघालेली तार असते. ती ताणली वा सैल केली की स्वर चढतो-उतरतो. मात्र चौंडक्याची तार छेडतात, आणि नंदीबैलवाला प्रत्यक्ष चामडेच घासतो. पोटात दडलेली काडी यांपैकी कोणातच नाही.

ही आतली काडी वाद्याच्या कुळाचाही पत्ता सांगते. स्पेनमध्ये नाताळात झांबोंबा नावाचे असेच घर्षणवाद्य वाजवतात. पोर्तुगालातही त्याचे भावंड आहे. हॉलंडमधील अशा वाद्याचे चित्र फ्रान्स हाल्स या चित्रकाराने सतराव्या शतकात रंगवले होते. यावरून कुईका युरोपातून आली असे कोणी म्हणेल. परंतु झांबोंबाची काडी चामड्याच्या बाहेर, वर उभी असते. काडी आत असलेले ढोल मध्य आफ्रिकेत, अंगोला आणि काँगोच्या प्रदेशांत, आढळतात. ब्राझीलमध्ये या वाद्याला ‘पुईता’ हे जे दुसरे नाव आहे तेही त्याच प्रदेशातील बांटू भाषांमधून आलेले. ‘कुईका’ हा शब्द मात्र ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतील असून तो एका लहान निशाचर प्राण्याचे नाव आहे. एकंदरीत आफ्रिकेचा दावाच अधिक भक्कम ठरतो.

ते ढोल अटलांटिक ओलांडून आले ते गुलामांबरोबर. सुमारे ४८ लाख आफ्रिकन माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८८८ साली गुलामगिरी रद्द झाली, तरी त्यांच्या वंशजांच्या वाद्यांकडे पुढेही संशयानेच पाहिले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी रिओ द जानेरोत झुआंव द बाइयाना या प्रसिद्ध वादकाचा पांदेइरु पोलिसांनी जप्त केला होता. पुढे एका सिनेटरने त्याला नवा पांदेइरु भेट दिला, तेव्हा कुठे त्याला निर्धास्तपणे वाजवता येऊ लागले. ज्या आवाजाला अजाण श्रोता माकडाचा म्हणून हसतो, तो या माणसांच्या घरांतून आलेला आहे.

रिओच्या इश्तासियू वस्तीत १९२८ साली ‘देइशा फालार’ हा संघ स्थापन झाला. सांबाच्या पहिल्या ‘शाळे’चा मान त्याला दिला जातो, कुईका सांबात आणण्याचे श्रेय त्यातीलच झुआंव द मीना या वादकाकडे जाते. आज कार्निव्हलच्या मिरवणुकीत एकेका शाळेच्या तालवृंदात दोनशेहून अधिक वादक असतात. कुईकाचा आवाज सुर्दूइतका दूर पोहोचत नाही, म्हणून तिचे वादक सहसा पुढील रांगांत चालतात. तरीही सज्जात बसलेल्या प्रेक्षकाला ती पुष्कळदा ऐकूच येत नाही. ध्वनिमुद्रणात मात्र वाद्याच्या उघड्या तोंडाशी मायक्रोफोन धरता येतो, आणि चार-पाच वादकांच्या मेळ्यातही ती गायकाच्या बरोबरीने उभी राहते.