तवांगवरील परचक्र

अरुणाचल प्रदेशाच्या वायव्य कोपऱ्यात, भारत, भूतान व तिबेट यांच्या सीमा जेथे जवळ येतात तेथे, सुमारे १०,००० फूट उंचीवर तवांग वसले आहे. तेथील विशाल बौद्ध मठ सतराव्या शतकातील आहे. मठाभोवतीच्या डोंगरउतारांवर शेती करून व याक पाळून मोनपा लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. १९६२ साली या प्रदेशास ‘नेफा’ म्हणत. त्या वर्षी या शांत मुलखावर परचक्र आले.

१९१४ साली सिमला येथे आखलेल्या मॅकमहोन रेषेस भारत आपली सीमा मानतो. चीनने ती मान्य केली नाही. १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून याच वाटेने भारतात आले व भारताने त्यांना आश्रय दिला. तेव्हापासून उभय देशांतील वितुष्ट वाढतच गेले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे चिनी सैन्याने नामका चू नदीकाठच्या भारतीय ब्रिगेडवर प्रचंड हल्ला चढविला. आपल्या जवानांच्या शौर्यात उणे नव्हते. उणीव होती ती तयारीत. तवांगपुढे मोटारीचा रस्ता नव्हता. अन्न व दारूगोळा विमानांतून टाकावा लागे आणि त्यातील पुष्कळसा दऱ्याखोऱ्यांत नाहीसा होई. हिमालयाच्या कडाक्याच्या थंडीत अनेकांच्या अंगावर उन्हाळी गणवेश होते. काही तासांतच ती ब्रिगेड उद्ध्वस्त झाली.

२३ ऑक्टोबरला बुम ला खिंडीच्या वाटेवर सुभेदार जोगिंदरसिंग यांच्या शीख तुकडीने शत्रूस अडविले. दोन हल्ले त्यांनी परतविले. तिसऱ्या वेळी गोळ्या संपल्या, तेव्हा ते संगिनी चढवून शत्रूवर तुटून पडले. जबर जखमी झालेल्या जोगिंदरसिंगांना शत्रूने पकडले व कैदेतच त्यांना मरण आले. परमवीरचक्र देऊन राष्ट्राने त्यांच्या स्मृतीस वंदन केले.

त्यानंतर दोन दिवसांच्या आत तवांग चिन्यांच्या हाती गेले. बहुसंख्य मोनपा कुटुंबे डोंगरवाटांनी दक्षिणेकडे निघून गेली होती. जे वृद्ध व दुर्बळ मागे राहिले त्यांच्याशी चिनी सैनिक गोडीने वागले. ते शेतीच्या कामात हात लावीत व ‘तुमचे आमचे चेहरे सारखे आहेत’ असे पटवू पाहत, अशी आठवण तेथील वृद्ध सांगत आले आहेत. परंतु तिबेटातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांची कहाणी मोनपांना ठाऊक होती. गोड शब्दांमागे बंदूक उभी आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सेला खिंड व बोमडिला हीही ठाणी पडली. आता शत्रू आसामच्या मैदानात उतरणार, या भीतीने तेजपूर शहर हादरले. बँकेतील नोटा जाळण्यात आल्या. अधिकारी शहर सोडून गेले व हजारो नागरिकांनी ब्रह्मपुत्रा ओलांडली. प्रत्यक्षात शत्रू तेजपूरला पोचलाच नाही. तथापि, संकटसमयी आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही भावना आसामच्या मनात दीर्घकाळ सलत राहिली. तवांगची भूमी परत मिळाली. हा विश्वास परत मिळविणे अधिक कठीण होते.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि १ डिसेंबरपासून नेफातील सैन्य मागे घेण्यास प्रारंभ केला. हिवाळा तोंडावर आला होता. बर्फाने खिंडी बंद झाल्या असत्या, तर एवढ्या दूर आलेल्या सैन्यास रसद पुरविणे दुर्घट झाले असते. मोनपा कुटुंबे हळूहळू आपल्या घरी परतली.

शस्त्रसंधीच्याच दिवशी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या कारकिर्दीत पर्वतीय युद्धासाठी खास डिव्हिजन उभारण्यात आल्या व सीमेवरील रस्त्यांस वेग आला. २०२४ साली सेला येथील बोगदा खुला झाला, त्यामुळे हिवाळ्यातही तवांगची वाट सुकर झाली.

शस्त्रबळाने भूमी जिंकता येते. तेथील माणसांची मने त्या बळाने जिंकता येत नाहीत. सीमेवरचा गावकरी वाटा दाखवितो, ओझी वाहतो आणि संकटाची पहिली झळ सोसतो. तो आपला आहे, हे त्यास शांततेच्या काळातच कळले पाहिजे. त्याच्या गावी रस्ता, शाळा व दवाखाना वेळेवर पोचविणे, ही सीमारक्षणाचीच सेवा होय.

स्वाध्याय
१. नामका चू येथील पराभवाची कारणे सांगा.
२. चिनी सैनिकांच्या गोडीला मोनपा लोक का भुलले नाहीत?
३. ‘हा विश्वास परत मिळविणे अधिक कठीण होते,’ असे लेखक का म्हणतात?
४. वाक्यांत उपयोग करा : तुटून पडणे, वाऱ्यावर सोडणे, झळ सोसणे.