गिधाडे का नाहीशी झाली?

सजीवांचे एकमेकांशी आणि परिसराशी असलेले नाते अभ्यासणारे शास्त्र म्हणजे परिस्थितिविज्ञान, अर्थात इकॉलॉजी. मोजणे, कारण शोधणे आणि पडताळून पाहणे, ही त्याची रीत.

1990 च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे अभ्यासकांना दिसले. पुढे देशभर मोजणी झाली. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध सापडले. चाचणीत, ते दिलेल्या जनावरांचे मांस खाल्लेली गिधाडेही मूत्रपिंड निकामी होऊन मेली. 2004 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली.

गाईचे दुखणे थांबावे म्हणून दिलेले औषध गिधाडांच्या मुळावर आले. सेवेत हेतू शुद्ध असून भागत नाही. परिणाम कुठवर पोहोचतो, हेही पाहावे लागते.