अडलेली बाई आणि तिचे गाव

‘बाई अडली’ हे शब्द आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहेत. परंतु अडलेली बाई जगली, तर पुढे तिचे काय होते, याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

प्रसूती दोन-तीन दिवस अडून राहिली की बाळाचे डोके आईचे मूत्राशय ओटीपोटाच्या हाडावर दाबून धरते. तेथील रक्तपुरवठा थांबतो, मांस मरते व भोक पडते. या इजेस फिस्टुला म्हणतात. मूल बहुधा मृत जन्मते आणि आईची लघवी रात्रंदिवस गळत राहते. दुर्गंधीमुळे अनेकींना नवरा टाकतो, शेजारपाजार तुटतो. म्हणजे पहिली इजा शरीराची, दुसरी समाजाने केलेली!

या बाबतीत इथिओपियाचे उदाहरण अभ्यासनीय आहे. कॅथरिन व रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ साली तेथे गेले व १९७४ साली त्यांनी आदिस अबाबा येथे खास या इजेसाठी रुग्णालय उभारले. मामितू गाशे ही त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आलेली निरक्षर खेडूत मुलगी. उपचारानंतर ती तेथेच राहिली, पाहून पाहून शस्त्रक्रिया शिकली आणि पुढे तिने डॉक्टरांनाही ती शिकविली.

परंतु शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय होय. इजा टाळायची तर गावानेच उठले पाहिजे. २००३ पासून तेथे गावोगावी स्थानिक तरुणींना पगारी आरोग्यसेविका नेमण्यात आले. २००७ साली हॅम्लिन यांच्या संस्थेने सुईणींचे महाविद्यालय काढले. त्यातील मुली खेड्यांतून येतात व शिकून खेड्यांतच परततात. दूरच्या गर्भवतींनी कळा सुरू होण्यापूर्वीच येऊन राहावे म्हणून आरोग्यकेंद्रांजवळ प्रतीक्षागृहे असतात.

उपचारातही गावाचा वाटा आहे. इजा होताच मूत्राशयात नळी घालून ती काही आठवडे ठेवल्यास लहान भोक आपोआप भरून येऊ शकते. त्यासाठी घरच्यांनी लाज न धरता बाईला तत्काळ दवाखान्यात न्यावयास हवे.

आपल्याकडे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला कार्य सुरू केले, तेही याच विश्वासावर. गावाने निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियाच तेथे आरोग्यसेविका झाल्या.

मुलीचे लग्न लवकर न करणे, रात्री-अपरात्रीसाठी वाहन ठरवून ठेवणे, पैशाची तजवीज करणे, या गोष्टींना वैद्यकीय पदवी लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. यंदा दत्तक गावात एवढे तरी विचारू या, की आज रात्री बाई अडली, तर गाडी कोणाची?