कॉपी केलेला मॅप 3,000 ला विकला, 31,000 ला पडला

व्हिडिओत लॅपटॉपच्या स्क्रीनवरचे आकडे फार पटापट गेले, म्हणून तेच इथे सावकाश लिहितोय. मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. आधी माझी चूक सांगतो.

2024 च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली आणि माझ्या दुकानात डर्ट बाईकवाल्यांच्या चौकश्या वाढल्या. एका बाईकवर बाहेरचा ईसीयू बसवून आम्ही दोन दिवस मॅप केला. मस्त झाला. आठवड्याने त्याच मॉडेलची दुसरी बाईक आली. मी म्हटलं, फाइल तर तयार आहे! ती टाकली, 3,000 घेतले. तिसऱ्या सरावात पिस्टनला भोक पडलं. खोलल्यावर कळलं की फ्युएल फिल्टर चोंदलेला होता. मॅपमधला आकडा तोच, पण प्रेशर कमी, म्हणून पेट्रोल कमी जात होतं. पिस्टन, बोअर, गॅस्केट, मजुरी मिळून 31,000 खिशातून गेले.

आता मॅप म्हणजे काय ते बघा. एक्सेलच्या शीटसारखा तक्ता असतो. आडवे आरपीएम, उभा लोड, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय किंवा मॅनिफोल्डमध्ये प्रेशर किती आहे ते. फ्युएलच्या तक्त्यात प्रत्येक सेल सांगतो की पेट्रोल किती सोडायचं. इग्निशनच्या तक्त्यात ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश टाकायची ते.

लॅपटॉप जोडण्याआधी फ्युएल प्रेशर मोजा, थ्रॉटल सेन्सरचं शून्य ते शंभर सेट करा, आणि टायमिंग लाइट लावून स्क्रीनवरचे अंश इंजिनवर खरंच तेवढे आहेत का ते बघा. हे सोडलं तर पुढचे सगळे आकडे खोटे.

पहिलं काम फ्युएलचं, आणि तेही इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. थंड इंजिनला ईसीयू जादा पेट्रोल देतो, त्यामुळे आपण फसतो. सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर लावा आणि लक्ष्य लॅम्डात ठेवा. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण 14.7 ला 1, इथेनॉलचं 9 ला 1. मिश्रण बदललं की प्रमाण बदलतं, लॅम्डा 1 मात्र 1 च राहतो. फुल थ्रॉटलला मी 0.87 च्या आसपास धरतो. समजा सेलमध्ये 68 आहे आणि मीटर 0.94 दाखवतोय, म्हणजे मिश्रण लीन आहे. 68 गुणिले 0.94 भागिले 0.87, म्हणजे साधारण 73.5. तो आकडा टाका, शेजारचे सेलही थोडे उचला, नाहीतर मध्येच धक्का बसतो. इतकं साधं गणित आहे, बारावी कॉमर्सवाल्यालाही जमेल!

इग्निशनला मात्र हात जपून. सुरुवात कमी अॅडव्हान्सने करा. डायनोवर एकेक अंश वाढवत जा; टॉर्क वाढायचा थांबला की थांबा आणि एक-दोन अंश मागे या. आरपीएम वाढला की अॅडव्हान्स जास्त लागतो, कारण जळायला वेळ कमी उरतो. लोड वाढला की कमी लागतो, कारण दाट मिश्रण पटकन पेटतं. नॉकिंगचा खडखडाट आला तर लगेच मागे. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी केलेला मॅप मेच्या दुपारी नॉक करू शकतो, म्हणून हवेच्या तापमानाचं करेक्शन चालू ठेवा. मॅप फक्त थ्रॉटलवर चालत असेल तर बॅरोमीटरचंही हवं. पुणे साधारण 560 मीटरवर, महाबळेश्वर 1,300 च्या वर. तिथे हवा विरळ, म्हणजे तोच मॅप रिच होतो.

रस्त्यावरची गाडी मी घेत नाही. बीएस-6 गाडीला उत्सर्जनाची मंजुरी कंपनीच्याच मॅपवर मिळालेली असते, आणि आरसीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. ट्रॅकच्या गाड्यांचंच काम, तेही लेखी घेऊन.

दर आता 9,500 आहे. त्यात डायनोचे दोन तास, मेकॅनिकचा अर्धा दिवस आणि आधीची तपासणी येते. गिऱ्हाईक कुरकुरतं, काही जातातही. प्रत्येक फाइलला चॅसी नंबर आणि तारखेचं नाव देतो, जुनी फाइल कधी पुसत नाही. आणि जॉब कार्डवर पहिली ओळ फ्युएल प्रेशरची असते. ती रिकामी असेल तर पोरांना लॅपटॉप मिळत नाही.