घटक ४ : गिरणगावातील दैनंदिन जीवन आणि चिवटपणा

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• गिरणगावातील सहजीवनाची रचना स्पष्ट करता येईल.
• ‘चिवटपणा’ या संकल्पनेचा चिकित्सक विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक
मुंबईवर संकट कोसळले की दुसऱ्याच दिवशी शहर कामाला लागले, असे कौतुकाने सांगितले जाते. २६ जुलै २००५ चा महापूर आणि ११ जुलै २००६ चे लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोट यांनंतरही हेच ऐकू आले. हा चिवटपणा महानगराच्या स्वभावातच असतो, की माणसांना तो परस्परांच्या आधाराने घडवावा लागतो? गिरणगावाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

४.३ विषय-विवेचन
लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाई. कोकणातून व घाटावरून आलेले अनेक कामगार चाळीतील एकाच खोलीचे भाडे वाटून घेत. एक जण पाळीवर गेला की त्याच जागेवर पाळी संपवून आलेला दुसरा झोपे. कुटुंब गावी असल्याने जेवणाची सोय खानावळवाल्या बाई करीत. कामगार पगार झाल्यावर पैसे देत. तोवरचा किराणा या बाई उधारीवर किंवा सावकाराच्या कर्जावर भरत. कामगारांचे पोट भरणारे हे श्रम घरातच होत असल्याने त्यांची ‘काम’ म्हणून गणना होत नसे. या स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबताच खानावळीचे पैसे थकले. अनेक कामगार गावी परतले. अनेकांना गिरणीचे दरवाजे पुन्हा उघडलेच नाहीत. खोली, खानावळ, उधारी ही साखळी पगारावर उभी होती. तिचा पाया निखळल्यावर केवळ सोशिकपणा पुरेसा ठरला नाही.

४.४ समारोप
चिवटपणा हा परस्परावलंबनातून घडतो आणि त्याची किंमत कोणीतरी मोजत असते. त्याचे केवळ गुणगान केले, तर सोसण्याची वेळ का आली, हा प्रश्न मागे पडतो. स्वतः गिरणीत काम केलेल्या नारायण सुर्वे यांची कविता अभ्यासताना हे भान आवश्यक आहे.

४.५ स्वाध्याय
१. गिरणगावाच्या जीवनातील खानावळीचे स्थान स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील परस्पर-साहाय्याच्या एका व्यवस्थेची माहिती घ्या. तिचा भार कोणावर पडतो, ते दहा ओळींत लिहा.