नवी क्लचप्लेट, तरी गिअर पडेना

नेरूळच्या एका वाचकाचा प्रश्न : क्लचप्लेट, प्रेशर प्लेट नवी टाकली. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. सुरू केले की पहिला पडत नाही, रिव्हर्स करकरतो.

उत्तर : क्लच पूर्ण सुटत नाही, हे नक्की. पण गिअरबॉक्स लगेच पुन्हा उतरवू देऊ नका.

ऑल्टोसारख्या गाडीत क्लच केबलवर चालतो. प्लेट बदलल्यावर केबलचा ताण पुन्हा लावावा लागतो, आणि घाईत नेमके तेच राहते. हायड्रॉलिक क्लच असेल आणि पेडल तीन-चारदा भराभर दाबल्यावर गिअर पडत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ब्लीडिंग करून घ्या. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून क्लच फोर्क किती सरकतो, ते स्वतः पाहा.

फोर्क पुरेसा सरकूनही क्लच सुटत नसेल, तर दोष आत आहे. प्लेट उलटी बसली असेल किंवा चढवताना गिअरबॉक्सचा भार तिच्यावर लटकून ती वाकली असेल. खाडीकाठच्या दमट हवेत शाफ्टच्या खाचांनाही गंज धरतो, मग प्लेट अडकते.

दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी पाम बीच रोडवर काढू नका. क्लच दाबलेला असतानाही ती पुढे सरकू शकते.